बेगमचा काटा

पेडगाव, ३ एप्रिल

अर्पे,

फोनवर तू मला ब्लॉक केलंस. परवा आत्याच्या फोनवरून लावला, तर माझा आवाज ऐकल्याबरोबर कट केलास. पोस्टमनला मात्र ब्लॉक करता येत नाही, म्हणून हा लिफाफा. फाडायचाच असेल तर आधी वाच आणि मग खुशाल फाड. सासूबाई विचारतील, कुणाचं गं टपाल? सांग त्यांना, माझ्या दुष्ट थोरल्या बहिणीचं.

मुद्द्याचं सांगते. आबांनी बेगम विकायला काढली आहे. गिऱ्हाईक हैदराबादचा आहे, जुन्या गाड्या जमवायचा नाद आहे त्याला. आखाजीचा, अक्षय तृतीयेचा सण झाला की ट्रक घेऊन येणार आणि तिला बांधून नेणार. "हैदराबादहून आली, हैदराबादला चालली," असं आत्या म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. ही तीच आत्या, जिनं जन्मभर त्या गाडीला बिनछपराची ब्याद म्हटलं.

तुला वाटेल, बरं झालं. तसं वाटून घेऊ नकोस. आबांनी ती दोन सीटची विलायती गाडी नवाबाच्या नातवाकडून आणली तेव्हा आपण दोघी जन्मालाही आलो नव्हतो. तिच्याशिवायचं घर आपण पाहिलेलंच नाही. तू तर तिच्या चाकाला धरूनच उभं राहायला शिकलीस.

विकायचं कारण म्हणे, मी तिचं इंजिन जाळलं. आणि तुझं म्हणणं, मी तुझ्या लग्नात सोंग केलं. त्या दिवशी काय झालं ते तुला ठाऊक आहे, पण माझ्या बाजूनं तू ते कधी ऐकूनच घेतलं नाहीस. आता कागदावर तरी ऐक.

आबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, गावाबाहेर गाडी चालवायला डॉक्टरांची मनाई, म्हणून गाडी मी चालवत होते. शेजारी तू शालू नेसून, मुंडावळ्या सांभाळत. बोरी गाव ओलांडलं आणि तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जाऊन पडला. मी गाडी लिंबाखाली घेतली. तू म्हणालीस, ताई, चल, मुहूर्त टळंल. मी म्हणाले, इंजिन जाळू का? वऱ्हाडाच्या गाड्या पुढं गेलेल्या. मागून आला तो बँडवाल्यांचा टेम्पो. त्यात ढोल-ताशांच्या मधोमध बसून तू जिंतूरच्या कार्यालयात पोचलीस, तेव्हा मुहूर्त टळला होता. तुझ्या सासरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आणि पाठवणीच्या वेळी गळ्यात पडून तू माझ्या कानात म्हणालीस, "माझं आधी झालं ते तुला बघवलं नाही. गाडी तू मुद्दाम बंद पाडलीस."

तुझा पुरावा काय? तर तुझ्या बजरंगरावांचे काका मोटारसायकलवर आले, त्यांनी बोनेट उघडून बघितलं आणि सगळ्यांना जाऊन सांगितलं, "कुठं तापलीय? ना वाफ, ना वास, पानी जागच्या जागी हाय." दुसऱ्या दिवशी दत्तराव मिस्त्रीनं गाडी सुरू केली, काटा पुन्हा लाल, आणि त्यानं निकाल दिला की तापून इंजिनाचं हेड गेलं, इंजिन खोलावं लागंल. आबांनी गाडीवर ताडपत्री टाकली आणि किल्ली बंडीच्या खिशात घातली. त्या दिवसापासून मी तिला हात लावलेला नाही.

आता मला सांग. तू म्हणतेस गाडी तापलीच नाही. आबा म्हणतात मी तापवून जाळली. दोघांचंही एकाच वेळी खरं कसं असेल? मी परभणीला क्लासमध्ये पोरांना फिजिक्स शिकवते आणि एवढी साधी गोष्ट वर्षभर माझ्या डोक्यात आली नाही, कारण डोक्यात फक्त तुझं ते वाक्य होतं.

आखाजीच्या आत मी दाखवणार आहे की मी इंजिनही जाळलं नाही आणि सोंगही केलं नाही. तू वाचत असशील तर वाच.

ताई

*

पेडगाव, ९ एप्रिल

अर्पे,

उत्तर आलं नाही. पत्र परतही आलं नाही. म्हणजे घेतलंस. एवढं मला पुरे आहे.

किल्ली मिळाली! मागितली असती तर आबांनी जन्मात दिली नसती. आत्यानं मिळवून दिली. जेवताना आबांना सहज बोलल्यासारखं म्हणाली, "माणिक, त्यो गिऱ्हाईक येईल आन् गाडी खोकनार बी न्हाई. मंग काय धकलत नेनार का? वैशीला म्हनावं बॅटरी तरी भरून ठिव." आबांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचार केला आणि किल्ली ताटाशेजारी ठेवली. "फाटकाच्या भाईर न्यायची न्हाई," एवढं मात्र बजावलं. मी मान हलवली. मान हलवायला काय जातं?

ताडपत्री काढली तेव्हा मला भरून आलं, ते सोडून देते. सीटखाली उंदरांनी घर केलेलं होतं. बॅटरी चार्ज केली, जुनं पेट्रोल काढून नवं घातलं, प्लग पुसले आणि बटण दाबलं. बेगमनं आधी दोनदा नकार दिला, मग असा काही आवाज काढला की गोठ्यातली म्हैस दावं तोडून निघाली. अर्पे, ज्या इंजिनाचं हेड गेलं ते असं बोलत नाही. तू असतीस तर तुलाही कळलं असतं.

मग खरं काम. क्लासमधून प्रयोगाचं लांबडं थर्मामीटर आणलं होतं. इंजिन गार असतानाच रेडिएटरचं टोपण काढलं, थर्मामीटर पाण्यात सोडलं आणि गाडी उभ्या उभ्या चालू ठेवली. अंगणात ऊन असं की पत्र्यावर पापड भाजावा. पाणी हळूहळू तापत ऐंशीच्या आसपास येऊन थांबलं. इंजिनाला एवढी ऊब लागतेच. आणि काटा? काटा लाल पट्ट्यात, अगदी तुझ्या लग्नातल्यासारखा!

मी ओरडतच आबांना हाताला धरून आणलं. एकीकडं थर्मामीटर, एकीकडं काटा. "बघा आबा, पाणी उकळण्याच्या पुष्कळ अलीकडं आहे. काटा खोटं बोलतोय."

आबांनी दोन्हीकडं बघितलं. नव्या डोळ्यांनी नीट, वाकून बघितलं. आणि म्हणाले, "तुजं काचंचं नळकांडं खोटं बोलत आसंल. त्यो विलायती काटा हाय. माझ्या उभ्या हयातीत खोटं बोलला न्हाई, आताच कशाला बोलंल?"

मला एवढा राग आला की ते थर्मामीटर आपटलंच असतं, पण क्लासचं होतं. बाप पोरीवर विश्वास ठेवत नाही आणि काट्यावर ठेवतो. मी म्हणाले, मग मी शोधून दाखवते तो का खोटं बोलतो ते. आबा म्हणाले, "दाव." आणि आत जाऊन पडले.

आता तुझ्यापुरतं एक लक्षात घे. तुझे काकासासरे बरोबर होते. गाडी तापलीच नव्हती. पण काटा लालच होता, आणि मी त्याचं ऐकलं. यात सोंग कुठं आहे ते मला दाखव.

ताई

*

पेडगाव, १५ एप्रिल

अर्पे,

ह्या पत्रात शेखी मिरवण्यासारखं काही नाही. तरी लिहिते, कारण मी फक्त जिंकल्यावरच लिहिते असं तुला वाटायला नको.

काट्याचं काम असं चालतं. इंजिनात पाण्याच्या वाटेवर पितळेचं एक छोटं बोंड बसवलेलं असतं. पाणी जसं तापेल तसा ते करंट जास्त सोडतं आणि डॅशबोर्डवरचा काटा वर चढतो. म्हणजे काटा खोटं बोलत असेल तर पहिला संशय त्या बोंडावर. मी ते काढलं आणि स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यातल्या पाण्यात सोडलं. शेजारी थर्मामीटर, हातात रोध मोजायचं मीटर. आत्या दारातच थबकली.

"च्याच्या पातेल्यात लोखंड उकळायलीस व्हय गं?"

"पितळ आहे, आत्या."

"मंग त्यात साखर बी टाक. आन् त्या गिऱ्हाइकाला पाज."

बोंड निर्दोष निघालं. पाणी तापेल तसा मीटरवर त्याचा रोध अगदी शहाण्यासारखा उतरत गेला, म्हणजे करंट वाढत होता. मग मला वाटलं, बोंडापासून काट्यापर्यंतची वायर कुठंतरी सोलली असेल आणि पत्र्याला टेकत असेल. ती सगळी उपसली, नवी टाकली. सुरू केली. काटा लाल.

दत्तराव मिस्त्री मुद्दाम बघायला आला होता. तो माणूस वाईट नाही गं. त्यानं आपुलकीनं सांगितलं, "ताई, नाहक उन्हात मरायलात. हेडच हाय. मी कितीक गाड्या बघितल्यात." आबा खाटेवर बसून ऐकत होते. मी हात धुतले आणि गच्चीवर जाऊन बसले. रडले. आता लिहूनच टाकलं आहे तर असू दे.

मला वाईट काय वाटलं माहीत आहे? गाडी जाईल ह्याचं नाही. ती गेली की तुझं ते वाक्य कायमचं माझ्या नावावर राहील. माझं लग्न झालं नाही ह्याची मला खरंच खंत नाही, लोकांना आहे. पण माझी धाकटी बहीण मला अशी समजते, हे मी घेऊन कुठं जाऊ? पंचमीला तू आली नाहीस, दिवाळीला आली नाहीस. आत्यानं तुझ्यासाठी काढून ठेवलेल्या करंज्या शेवटी मीच खाल्ल्या, आणि त्या लय खवट झाल्या होत्या.

बघते अजून. काही सुचत नाहीये.

ताई

*

पेडगाव, २० एप्रिल

अर्पे!

सापडलं! सापडलं! सापडलं! आता पहिल्यापासून सांगते, मधे पान उलटून शेवट बघू नकोस.

काल आबा खताच्या दुकानात परभणीला गेले. मी आत्याला म्हणाले, चल, शिवारापर्यंत चक्कर मारू. फाटकाबाहेर न्यायची नाही हे तिला माहीत होतं. तिनं लुगड्याचा काष्टा नीट केला आणि माझ्या आधी जाऊन बसली. म्हणाली, "माणकोबाला मी बघून घेईन." रस्त्यानं तिचा पदर मागं असा फडफडत होता आणि ती येईल त्या जाईल त्याला हात दाखवत होती. गावात आता चर्चा आहे की बायनाबाई निवडणुकीला उभी राहणार.

ओढ्याच्या अलीकडं बेगम आचके देत थांबली. मी खाली उतरून वाकून बघते तर पेट्रोल संपलेलं. टाकी खडखडीत. मी परत येऊन डॅशबोर्ड बघितला. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर.

आत्या म्हणाली, "अगं, ह्यात तर आर्धी टाकी हाय म्हनायलाय. ह्यो बी खोटारडाच निगाला की."

मी रस्त्यातच खाली बसले. अर्पे, ह्यो बी! तापमानाचा काटा जास्त दाखवतो, पेट्रोलचाही काटा जास्त दाखवतो. दोघं एकाच बाजूला खोटं बोलतात. एका वर्गातल्या दोन पोरांचं गणित एकसारखं चुकलं तर मी काय समजते? दोघांनी एकाच्याच वहीतून उतरवलं. मग ह्या दोन काट्यांमध्ये सामाईक काय आहे? मी नुसती बोंडाला, वायरीला झोंबत बसले होते. ते एकाच काट्याचं होतं.

शेजारच्या शेतातल्या आखाड्यावरून बाटलीभर पेट्रोल मागून आणलं, घरी आले आणि डॅशबोर्डच्या खाली उताणी पडले. पाय दाराबाहेर, डोकं पेडलपाशी. तिथं आत, अंधारात, काडेपेटीएवढी पत्र्याची एक डबी आहे. बॅटरीचा करंट कमी करून दोन्ही काट्यांना बेताचा द्यायचा, एवढंच तिचं काम. पण त्यासाठी ती डबी गाडीच्या पत्र्याला घट्ट टेकलेली असावी लागते, तीच तिची अर्थिंग. पत्र्याशी संबंध तुटला की ती सगळा करंट तसाच पुढं सोडते, आणि दोन्ही काटे वाढवून सांगायला लागतात.

मी टॉर्च मारली. डबीच्या खाली काळं रबर. स्क्रूच्या डोक्याखाली रबर. स्क्रूच्या अंगावरसुद्धा सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब चढवलेली. इतकं सुबक काम की बघत राहावं. पत्र्याला कुठं म्हणून स्पर्श नाही.

असं काम अख्ख्या परभणी जिल्ह्यात एकच माणूस करतो. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर थरथरला की खाली ट्यूबचा तुकडा. खिडकी वाजली, ट्यूब. आत्याचा पाटा सरकला, ट्यूब. आपल्या घरात एकही वस्तू आवाज करत नाही, कारण आबा प्रत्येकीच्या बुडाखाली सायकल कापून घालतात.

ते परभणीहून आले तेव्हा मी काळ्या हातांनी तशीच पायरीवर बसले होते. तळहातावर ते तीन तुकडे. हात पुढं केला. त्यांनी तुकडे उचलले, उलटेपालटे केले.

"हे तर मीच लावलं व्हतं."

"कधी, आबा?"

"हळदीच्या दिशी." आणि पिशवी हातात तशीच धरून उभे राहिले. मग हळूहळू म्हणाले, "अर्पूला घेऊन गावातून चक्कर मारली. ती म्हनली, आबा, ही आतून लय खुळखुळती, सगळे आपल्याकडं बघायलेत. लेक सासरी जायली, तिच्या कानाला एवढी बी तकलीफ नको म्हनून रात्री कंदील घेऊन बसलो."

आठवतं का तुला हे? मला वाटतं तुला आठवणार नाही. तू बोलून विसरलीस आणि त्यांनी रबर कापलं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं गं. आपल्या तिघांच्याही नाही.

मी जागा पॉलिशपेपरनं घासली, डबी पत्र्यावर सरळ बसवली, स्क्रू आवळला. आबा शेजारी उभे. बटण दाबलं. तापमानाचा काटा वर चढायला लागला, आणि मधोमध येऊन असा उभा राहिला, जसा सावधान म्हटल्यावर पोलीस उभा राहतो. थर्मामीटर तेच सांगत होतं. पेट्रोलचा काटा तळाला. टाकीत तेवढंच होतं!

मी अंगणात नाचले. हो, ह्या वयात. आत्याही टाळ्या वाजवत होती. आबा मात्र काट्याकडंच बघत होते. शेवटी म्हणाले, "उभ्या गाडीचं काय सांगतीस. भर उन्हात जिंतूरला नेऊन दाव. तवा मानीन इंजिन शाबूत हाय. तवर गिऱ्हाईक येनार म्हंजे येनार."

एवढं सगळं झाल्यावरही अट घालतात. पण अर्पे, त्यांचा आवाज अट घालणाऱ्याचा नव्हता. मी म्हणाले, ठरलं. तुमच्यासकट नेते.

मी येतेय. दार लावून घ्यायचं असेल तर लावून घे, पण खिडकीतून गाडी बघ.

ताई

*

पेडगाव, २९ एप्रिल

अर्पे,

काल घरी येऊन फोन बघते तर तू मला अनब्लॉक केलेलं, आणि मेसेजची रांग. तरी हे पत्र लिहितेच, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि कालचा दिवस माझ्या बाजूनं कागदावर राहायला हवा. हा माझा हक्क आहे, मी तो घाम गाळून मिळवला आहे.

आम्ही मुद्दाम दुपारी निघालो. आबांनी धुवट धोतर नेसलं आणि फेटा उडू नये म्हणून वरून उपरणं बांधून हनुवटीखाली गाठ मारली. आत्यानं बजावलं, "पोरीवर वरडू नगंस, गाडी चालवायली ती." परभणी मागं पडली, झरी मागं पडली. डांबर तापून चकाकत होतं. आबा रस्त्याकडं बघतच नव्हते. मान वाकडी करून काट्याकडं बघत होते. काटा मधोमध.

बोरी आली. तो लिंब दिसला. लिंब जवळ आला तशी मी गाडी आणखी दाबली, आणि लिंब मागं गेला, अर्पे, गेला मागं! आबांनी डोक्यावरचं उपरणं सोडलं आणि हात वर करून असे ओरडले, असे ओरडले, की कडेनं चाललेला शेळ्यांचा कळप बिथरून रानात घुसला. मी हॉर्न दाबला तो दाबूनच धरला. आपला बाप एवढ्या मोठ्यानं हसतो हे मला माहीत नव्हतं.

तुझ्या दारात आलो तेव्हा तू चौकटीला धरून उभी होतीस आणि खाली बघत होतीस. आळीतल्या बायका जमल्या. तुझ्या सासूबाई, गीताबाई, हसत पुढं आल्या. "या, या. आज बँडचा टेम्पो मागं ऱ्हायला जनू?" आणि सगळ्या हसल्या. तुझी मान आणखी खाली गेली, ते मी बघितलं. एक वर्ष हे असं चालू असणार, हे मला त्या क्षणी कळलं. इतके दिवस मी फक्त माझंच दुःख कुरवाळत होते.

पुढचं तू ऐकलंस, पण तू मान खाली घालून ऐकलंस, मी बघत ऐकलं. आबा गाडीतून उतरले. पाण्याचा तांब्या पुढं आला तो घेतला नाही. फेटा सरळ केला आणि म्हणाले, "विहीनबाई, त्या दिशी हसलात ते हसलात. पर चुकीच्या मानसाला हसलात. गाडीत रबर म्या लावलं व्हतं, माझ्या ह्या हातानं. त्यानं काटा चुकला. थोरलीनं काट्याचं ऐकलं, तिची चूक न्हाई. आन् धाकटी सालभर तुमचं ऐकून घ्यायलीय, तिची तर बिल्कुल न्हाई. आता ज्याला हसायचंय त्यानं मला हसा. मी हितं उभा हाय."

लेकीचा बाप, आणि तोही माणिकराव, व्याह्यांच्या दारात उभा राहून सगळ्यांसमोर असं बोलतो. मी असं कधी पाहिलेलं नाही. कुणीच हसलं नाही. मग गीताबाईंनीच डोक्यावरचा पदर पुढं घेतला, तांब्या दुसऱ्यांदा पुढं केला आणि म्हणाल्या, "चुकलं आमचं. पानी घ्या, व्याही." तेव्हा आबांनी घेतलं. तुझ्या सासूला एवढं तरी द्यायला हवं, बाई मोठ्या मनाची निघाली.

आपण दोघी चक्कर मारायला गेलो, तेवढ्यात आबांनी ओट्यावर बसून हैदराबादला फोन लावला. हे मला नंतर बजरंगरावांनी सांगितलं. तिकडून तो का, का विचारत होता. आबा म्हणाले, "का म्हंजे? पोरी चालवायल्यात. इकायची कशाला?" आणि फोन ठेवून दिला. येताना त्यांनी किल्ली मागितली नाही. आत्ता ती माझ्या पर्समध्ये आहे.

पण मला लिहायचं होतं ते हे नाही. कार्यालयाच्या फाटकासमोरून मी गाडी हळू नेली. नवरी म्हणून तुला जिथं बेगममधून उतरायचं होतं ती जागा. तू फाटकाकडं बघितलं नाहीस. हात मांडीवर घट्ट धरून म्हणालीस, "ताई, मला त्याच दिवशी ठाऊक होतं. तू मुद्दाम न्हाई केलंस."

मी म्हणाले, "मग?"

"त्या बाया हसायल्या व्हत्या. त्यांच्यावर कशी चिडू, मी नवी नवरी. आबांवर कशी चिडू. चिडायला माझ्याकडं तूच व्हतीस."

गावाबाहेर नेमगिरीच्या वाटेपर्यंत तशीच चालवत राहिले, आणि माझ्या डोळ्यांतून काय वाहत होतं ते तू बघितलंस. काल मला उत्तर सुचलं नाही. आज सकाळी सुचलं, म्हणून हे पत्र.

मी आहेच. सासूबाई काही बोलल्या, भाजी करपली, बजरंगराव वेळेवर आले नाहीत, की राग काढ माझ्यावर. थोरल्या बहिणीचं ते कामच आहे, आणि फोन ब्लॉक करून तू सालभर माझ्याकडून ते काढून घेतलंस. खुशाल चिड. फक्त यापुढं फोन उचलून चिड.

तुझी,
ताई